लेकराचे डोळे आले तर आधी वय पहा, मग औषध

बाळ एक महिन्याच्या आतलं आहे, डोळे लाल झालेत, पापण्या सुजल्यात किंवा डोळ्यातून पिवळा पू येऊन राहिला आहे, असं असेल तर पुढचं वाचत बसू नका. आजच्या आज दवाखान्यात न्या, रात्र असेल तर रात्रीच न्या, सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. बाकीचं नंतर वाचता येईल.

हे सुरुवातीलाच लिहिलं कारण डोळे आले म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं, चार दिवस लाल राहतात, सकाळी चिकटतात, मग आपोआप जातात. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या बाबतीत बऱ्याचदा ते खरंही आहे. पण मी लहान मुलांच्या ओपीडीत सिस्टर आहे आणि तिथे नेमकं उलटं पाहायला मिळतं. सात वर्षांच्या पोराचे साधे डोळे आले तर घरचे घाबरून मेडिकल स्टोरमधून तीन तीन प्रकारचे थेंब आणून टाकतात, आणि आठ दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातून पू येतो तेव्हा मात्र आजी म्हणते न्हाऊ घालताना पाणी गेलं असेल, आईचं दूध टाक दोन थेंब, होईल बरं. त्यात सव्वा महिन्याची गोष्ट असते, "काहून नेता एवढ्याशा लेकराला बाहेर?" सव्वा महिना पाळायचा तर जरूर पाळा, पण डोळ्यात पू असेल तेव्हा नाही.

एवढी घाई कशासाठी ते सांगते. पहिल्या २८ दिवसांत जे डोळे येतात त्यातलं बरंचसं इन्फेक्शन बाळंतपणाच्या वेळी आईच्या जननमार्गातून बाळाच्या डोळ्यात आलेलं असतं. त्यातला सगळ्यात वाईट जंतू गोनोरियाचा, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका आजाराचा. तो साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसतो, पापण्या टम्म सुजतात आणि पू इतका येतो की पुसलं की परत भरतो. हा जंतू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात घुसतो आणि उपचार नाही मिळाले तर एक दोन दिवसांत तिथे जखम, मग भोक, मग कायमचं अंधत्व. याच्यावर नुसते थेंब चालत नाहीत, इंजेक्शन लागतं, बाळाला ॲडमिट करून डोळा वारंवार सलाईनने धुवावा लागतो. दुसरा जंतू क्लॅमिडियाचा, तोही शरीरसंबंधातूनच पसरतो, पण थोडा उशिरा, पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान येतो, कधी कधी डोळा फक्त चिकट आणि थोडा लाल एवढंच दिसतं, म्हणून लोक सोडून देतात. त्यालाही पोटातून औषध लागतं कारण तोच जंतू पुढे फुफ्फुसात जाऊ शकतो. अशा बाळाला एक ते तीन महिन्यांचं असताना खोकला लागला तर डॉक्टरांना आधीच्या डोळ्यांबद्दल आठवणीने सांगा. हर्पिस नावाच्या व्हायरसमुळेही होतं, त्यात डोळ्याभोवती किंवा अंगावर कुठेतरी पाण्याचे छोटे फोड दिसू शकतात, पण दरवेळी दिसतीलच असं नाही.

कितव्या दिवशी काय, हा हिशोब अंदाजाचा आहे. घरी बसून जंतू ओळखता येत नाही, डॉक्टरसुद्धा पू कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला पाठवतात. म्हणूनच नेण्याआधी घरातले जुने थेंब टाकू नका, तपासणीत मग नीट काही सापडत नाही. ओल्या कापसाने वरवर पुसा, बाळाला दूध पाजत रहा आणि निघा.

१८८१ साली जर्मनीतल्या लायप्झिगच्या क्रेडे नावाच्या प्रसूतीच्या डॉक्टरांनी जन्मल्या जन्मल्या बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायची पद्धत छापून आणली, तोवर त्यांच्या दवाखान्यात दहातल्या साधारण एका बाळाला हा त्रास व्हायचा, तो शंभरात एकाच्याही खाली आला. आता सिल्व्हर नायट्रेट कोणी फारसं वापरत नाही, त्यानेच पहिल्या दिवशी डोळे लाल व्हायचे, पण जन्मानंतर डोळ्यात मलम किंवा थेंब टाकला का हे डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्या. सगळीकडे टाकतातच असं नाही.

आईला बोल लावू नका, हे मला मनापासून सांगायचं आहे. ही इन्फेक्शन्स बायकांमध्ये बऱ्याचदा काहीच लक्षण न दाखवता असतात, तिला स्वतःलाही पत्ता नसतो, आणि नवऱ्याकडूनच आलेली असू शकतात. डॉक्टरांनी आई आणि बाप दोघांनाही औषध दिलं तर दोघांनीही घ्यायचं, बाप म्हणतो मला काय झालं, मग परत तेच. सिझर झालंय म्हणजे असं होणारच नाही हेही खरं नाही, सिझरच्या आधी पाणी गेलेलं असेल तर जंतू वर पोचू शकतात.

नागपुरात असाल तर मेडिकल, मेयो, डागा, मिहानचं एम्स, जे जवळ असेल तिथे जा. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, तपासण्या, औषधं आणि नेआणीची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे, २०११ पासून ही योजना आहे, तरी कितीतरी लोक पैशाच्या विचाराने दोन दिवस घालवतात. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा. कामठी, हिंगणा, उमरेडकडच्या गावातलं असेल तर आशाताईला फोन करा.

आता ज्याने घाबरायचं नाही ते. जन्मल्यावर बाळाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा लाल डाग दिसतो, बाळंतपणाच्या दाबाने होतो, पू नसतो, सूज नसते, दोनेक आठवड्यांत आपोआप जातो. आणि सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे अश्रूंची नळी बंद असणं. डोळ्यातलं पाणी नाकात जायला एक बारीक नळी असते, काही बाळांमध्ये तिचं खालचं तोंड जन्मताना उघडलेलं नसतं. मग डोळा सारखा भरलेला, सकाळी चिपडं, पण डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ पांढरा. लाल नाही, ही मुख्य खूण. दहातल्या नऊ बाळांची ही नळी वाढदिवसाच्या आत आपोआप उघडते. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून हेच आहे ना हे पक्कं करा, मग मालिश शिकून घ्या. नखं कापायची, हात साबणाने धुवायचे, करंगळीचं टोक डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर ठेवून थोडं दाबायचं आणि नाकाच्या कडेने खाली सरकवायचं, असं पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन चार वेळा, दूध पाजताना केलं तर बाळ कुरकुर करत नाही. नुसतं चोळायचं नाही, आत दाब बसला पाहिजे पण बाळाला दुखता कामा नये. मालिशवाल्या बाईच्या हाती हे काम देऊ नका, तिचे हात तेलाने माखलेले असतात. वर्ष होऊनही पाणी येतच असेल तर डोळ्यांचे डॉक्टर बारीक तार घालून नळी मोकळी करतात. त्या कोपऱ्यात निळसर गाठ दिसली किंवा तिथे लाल सूज आली तर मात्र थांबायचं नाही.

आणखी एक, हे फार चुकतं. बाळाच्या डोळ्यातून पाणी येतं, उजेडात डोळे मिटून घेतं, आणि डोळे मोठे मोठे दिसतात. घरात येणारा जाणारा म्हणतो किती सुंदर टपोरे डोळे आहेत. बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल तर ते जन्मजात काचबिंदू असू शकतं, डोळ्याच्या आतला दाब वाढून बुबुळ ताणलं जातं. यात दिवस महत्त्वाचे असतात. फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल तरीही लगेच दाखवा.

मोठ्या लेकरांचं

महिन्याच्या वरचं पण अजून दोन वर्षांचं झालं नाही अशा बाळाचे डोळे लाल झाले तर डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. दोन वर्षांच्या पुढच्या पोरांचं मात्र थोडं घरी ओळखता येतं.

व्हायरसचे डोळे, म्हणजे साथीत येतात ते, आधी एका डोळ्यात सुरू होतात आणि दोनेक दिवसांत दुसऱ्यात. पाणी पाणी येतं, खुपतं, सोबत सर्दी, घसा, थोडा ताप, कधी कानासमोर दुखरी गाठ. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त वाटतं आणि पूर्ण जायला एक ते दोन आठवडे लागतात. यावर ॲंटिबायोटिकच्या थेंबांचा काही उपयोग नाही, काहीच नाही, हे पालकांना पटवणं सगळ्यात कठीण काम आहे, कारण थेंब टाकले आणि आठव्या दिवशी डोळे बरे झाले तर श्रेय थेंबांना जातं. बॅक्टेरियाचे असतील तर पिवळा हिरवट घट्ट पू दिवसभर येत राहतो, पापण्या चिकटून सकाळी डोळाच उघडत नाही. लहान पोरांमध्ये हे जास्त असतं आणि सोबत कान दुखत असेल तर जरूर सांगा कारण एकच जंतू दोन्हीकडे असतो, मग पोटातलं औषध लागतं. यात डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी लवकर आराम पडतो. तिसरा प्रकार ॲलर्जीचा, त्यात खाज. दोन्ही डोळे एकदम, पोरगं मुठीने चोळ चोळ चोळतं, दोऱ्यासारखा पांढरा चिकट धागा निघतो, ताप नाही, आणि एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

साथ नागपुरात पावसाळ्यातच जोर धरते. २०२३ च्या पावसाळ्यात तर राज्यभर डोळ्यांची साथ होती, शाळांचे वर्ग रिकामे झाले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडतो, ते दिवस नेमके याच साथीचे असतात, आणि त्याच दिवशी तान्हा पोळा, सगळी लेकरं लाकडी नंदी घेऊन एका जागी, एकमेकांचे नंदी हातात घेत. ज्याचे डोळे आलेत त्याला त्या दिवशी घरीच ठेवा, रडेल, वाईट वाटेल, पण ठेवा. घरातच नंदीची पूजा करून द्या.

डोळे आलेल्याकडे पाहिल्याने डोळे येत नाहीत. हाताने येतात. डोळ्याचं पाणी बोटाला, बोट दाराच्या कडीला, व्हॅनच्या दांडीला, मोबाईलला, तिथून दुसऱ्याच्या बोटाला आणि मग डोळ्याला. काळा चष्मा घातल्याने दुसऱ्याला लागायचं थांबत नाही, उजेड कमी खुपतो आणि पोराचा हात डोळ्याकडे कमी जातो एवढाच फायदा, तोही कमी नाही. सॅनिटायझरवर विसंबू नका, साथीचा ॲडिनोव्हायरस त्याने नीट मरत नाही आणि कडी दांड्यांवर दिवसेंदिवस टिकतो. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. टॉवेल, उशीची खोळ, रुमाल वेगळे ठेवा, रोज गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. पावसात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. आईचा पदर किंवा दुपट्टा, ज्याने सगळ्या लेकरांची तोंडं पुसली जातात, तो या दिवसांत अजिबात वापरायचा नाही.

शाळेत कधी पाठवायचं हे सगळे विचारतात. डोळ्यातलं पाणी आणि चिपडं थांबेपर्यंत नाही, साधारण पाच ते सात दिवस, कधी जास्त. नुसती थोडी लाली उरली असेल तर चालतं. परीक्षा असेल तर शाळेशी बोला, पण ऑटोत दहा पोरांच्या मधे कोंबून पाठवू नका.

पुसणं आणि थेंब टाकणं

माझ्या मते अर्धा इलाज पुसण्यातच आहे आणि तेच लोक घाईत करतात. पाणी उकळून झाकून थंड करा. तुमचे हात धुवा. कापसाचा बोळा ओला करून पिळा, नाकाकडच्या कोपऱ्यातून कानाकडे एकदाच फिरवा आणि तो बोळा टाकून द्या, परत त्याच बोळ्याने नाही, दुसऱ्या डोळ्याला तर नाहीच. पापण्या चिकटल्या असतील तर ओला कोमट बोळा दोन मिनिटं ठेवा, खपली मऊ होते, ओढून काढू नका, पापणीचे केस तुटतात आणि पोरगं मग पुढच्या वेळी हातच लावू देत नाही. दिवसातून चार पाच वेळा करा. व्हायरस आणि ॲलर्जीत थंड पाण्याची पट्टी बरी वाटते. दुखत असेल, ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून.

थेंब टाकायची सोपी रीत अशी. पोराला पाठीवर झोपवा, लहान असेल तर दुपट्ट्यात हात गुंडाळून घ्या. डोळे मिटलेले राहू द्या, जबरदस्तीने उघडू नका. नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब टाका आणि म्हणा आता उघड, डोळा उघडला की थेंब आपोआप आत जातो. एकच थेंब, जास्त टाकले तरी डोळ्यात मावत नाहीत, गालावर येतात. मग त्या कोपऱ्यावर बोटाने मिनिटभर हलकं दाबून धरा म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मधे पाच मिनिटं, मलम सगळ्यात शेवटी आणि झोपताना, कारण त्याने धूसर दिसतं. बाटलीचं तोंड पापणीला लागू देऊ नका. झाकण उघडलं त्या दिवशीची तारीख बाटलीवर लिहा, एक महिन्यानंतर उरलेलं फेकून द्या. एका लेकराची बाटली दुसऱ्याला वापरायची नाही. आणि दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले दिवस अर्धे सोडू नका.

बाटलीवरची नावं वाचायला शिका. मॉक्सिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन ही नुसती ॲंटिबायोटिक आहेत. पण त्याच्या शेजारी डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल असं काही लिहिलं असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. दुकानदार डोळे आले म्हटलं की ही मिक्स बाटली पटकन काढून देतो कारण एका दिवसात लाली उतरते आणि गिऱ्हाईक खुश. पण आतलं इन्फेक्शन, खास करून हर्पिस, त्याने भडकतं, आणि महिनोन् महिने टाकत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो, लहान पोरांनाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तर जरूर टाका, त्यांनी सांगितलं तितकेच दिवस. शेजारच्या पोराला लागू पडलं म्हणून नाही.

घरचे उपाय विचाराल तर मध, गुलाबपाणी, तुरटीचं पाणी, कांद्याचा रस, एरंडेल, गोमूत्र, यातलं काहीही डोळ्यात नको. आईचं दूध पोटात अमृत आहे, लाल डोळ्यात नको, जंतू वाढायला जागा मिळते आणि वेळ जातो ते वेगळंच. काजळ बाळाला घालूच नका, सुरम्यात तर शिसं असतं. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची तर तळपायाला लावा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

पोरगं उजेड अजिबात सहन करत नाही, डोळा खूप दुखतो (नुसतं खुपणं नाही, दुखणं), दिसायला कमी झालं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, पापणी लाल सुजून सोबत ताप आहे, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो किंवा फिरवता येत नाही, डोळ्याभोवती पाण्याचे फोड आहेत, यातलं एकही असलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. चार पाच दिवसांत काहीच उतार नाही तरीही दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणारी मोठी मुलं असतील तर लेन्स लगेच काढा आणि वाट पाहू नका.

ताप, खोकला, लाल डोळे आणि मग अंगावर पुरळ म्हणजे गोवर असू शकतो, त्यात व्हिटॅमिन ‘ए’चा डोस लागतो नाहीतर बुबुळावरचा पारदर्शक पडदा खराब होऊ शकतो. ९ महिन्यांची आणि १६ ते २४ महिन्यांची गोवर रुबेलाची लस झाली का ते कार्डावर पहा. पाच दिवस किंवा जास्त ताप, दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाही, ओठ लालभडक फुटलेले, जीभ लाल, असं असेल तर कावासाकी नावाचा आजार असू शकतो, त्याचा परिणाम हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर होतो, लहान मुलांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या.

आणि आपल्या भागासाठी खास, चुना. घरात खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू सुपारीत घालायच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब पडलेली असते, पोट्टे ती दाबून खेळतात, फुटून थेट डोळ्यात. याला डोळे आले समजू नका. त्याच क्षणी नळाखाली किंवा तांब्याने डोळा उघडा धरून वीस पंचवीस मिनिटं सतत धुवा, पापणीच्या आतले खडे कापसाने काढा, आणि मग दवाखान्यात. आधी धुवायचं मग निघायचं, गाडी शोधण्यात मिनिटं गेली तर चुना बुबुळ जाळत राहतो. घरातला चुना लेकरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, किंवा ठेवूच नका.

दरवर्षी उन्हाळ्यात येणारी खाज

पाच ते पंधरा वर्षांची पोरं, मुलं जास्त, मार्च लागला की डोळे चोळायला लागतात आणि पाऊस येईपर्यंत चोळतात. आपल्या ४५ डिग्रीच्या कोरड्या धुळीच्या हवेत हा ॲलर्जीचा प्रकार खूप आहे. काहींच्या बुबुळाच्या कडेला मळकट जाडसर पट्टा दिसतो. घरातले म्हणतात याचे दरवर्षी डोळे येतात. हे ते नाही, शाळा बुडवायची गरज नाही, टॉवेल वेगळा करायची गरज नाही, पण दुर्लक्षही चालत नाही कारण वर्षानुवर्षं चोळून बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होतं, नंबर वाढतच जातो आणि चष्म्याने नीट दिसत नाही.

करायचं काय तर बाहेर जाताना टोपी आणि चष्मा, आल्यावर तोंड आणि मिटलेले डोळे थंड पाण्याने धुणं, खाज आली की चोळण्याऐवजी थंड पट्टी. कूलरच्या ताट्या दरवर्षी नव्या घाला, जुन्या ताट्यांना कुबट वास येतो आणि त्यातली धूळ बुरशी सरळ पोराच्या तोंडावर फेकली जाते, शिवाय पलंग कूलरच्या थेट समोर नको. ॲलर्जीचे थेंब डॉक्टर देतात ते सिझन सुरू व्हायच्या आधीपासून टाकले तर जास्त उपयोगी पडतात, म्हणून फेब्रुवारीतच एकदा दाखवून या. आणि स्टिरॉइडचे थेंब चालू असतील तर प्रत्येक वेळी डोळ्याचं प्रेशर तपासून मागा, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा, मागची बाटली आणि चिठ्ठी सोबत न्या म्हणजे किती दिवस काय टाकलं ते त्यांना कळेल.